आईचं विसरणं आणि माझं

माझी चप्पल पहिल्यांदा सुटली ती वडवणीचा बाजार करून येताना. फाट्यावर जीपमधून उतरले, पिशवी डोक्यावर घेतली आणि पांदीनं घराकडे चालत आले. दारात पोचले तर शेजारची भाभी हसायला लागली.

"काकू, एक चप्पल बाजारात इकून आलात का काय?"

मी खाली पाहिलं. उजव्या पायात चप्पल होती. डावा पाय उघडा, घोट्यापर्यंत मातीनं भरलेला. मीही तिच्याबरोबर हसले, पिशवी ओट्यावर ठेवली आणि परत गेले. चप्पल पांदीत बाभळीखाली पडली होती. काटे होते तिथे. त्यातूनच मी उघड्या पायानं आले होते.

तेव्हा हिवाळा होता आणि घरात मी एकटी होते. मुलगा आणि सून दसरा झाला की ऊसतोडीला जातात ते पाडव्याच्या पुढेमागे येतात. दोन्ही नाती वसतिगृहात शिकतात. मालक होते तोवर आम्ही दोघं शेळ्या सांभाळायचो. ते गेल्यावर शेळ्या राहिल्या आणि मी राहिले. तोडीच्या दिवसांत आमचं अर्धं गाव कुलपात असतं. भाभीच्या नवऱ्याचं फाट्यावर गाड्या दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणून त्यांचं दार तेवढं वर्षभर उघडं असतं. पण तिच्या घरी लेकरं, सासू, पाहुणे. मी आपणहून कुणाच्या दारात जाऊन बसणारी बाई नाही. कुणी बोलावलं तर जाते, आणि गेल्यावरही कोपऱ्यातच बसते.

एका पोटासाठी दोनदा चूल पेटवणं जिवावर यायचं. सकाळी दोन भाकरी टाकायच्या, त्यातली एक संध्याकाळची. वर तिखट आणि तेल. दूध सगळं फाट्यावरच्या चहावाल्याला जायचं. मालक जायच्या आधीपासून मला पित्ताचा त्रास, म्हणून औषधाच्या दुकानातली पित्ताची गोळी रोज सकाळी घ्यायची. ती किती वर्षं घेतेय हे मलाही सांगता आलं नसतं. कुणी विचारलंही नव्हतं.

मग जीभ झोंबायला लागली. तिखट तर सोडाच, कोमट पाणीही लागायचं. आम्ही बायका सकाळी मिश्रीनं दात घासतो. तंबाखू तव्यावर भाजून केलेली ती काळी पूड एकदा लागली की सुटत नाही. मला वाटलं, मिश्रीनंच जीभ सोलली. भाभीही म्हणाली, "सोडा ती काळी बला, काकू." मी सोडली. दोन-चार दिवस डोकं दुखलं, पण जीभ तशीच राहिली. मग तिखट सोडलं. भाकर पाण्यात कुस्करून खायला लागले. पुढे तेही नको वाटायला लागलं.

याच दिवसांत मी विसरायला लागले. शेळीचं करडू उन्हात बांधून आले आणि संध्याकाळी भाभीच्या लेकरांनी ओरडत आणलं. चुलीवर ठेवलेलं पाणी आटून भांडं काळं झालं. नातीचा वसतिगृहातून फोन आला, तिच्याशी बोलून फोन ठेवला आणि थोड्या वेळानं तिलाच परत लावला. ती म्हणाली, "आजी, आत्ताच तर बोललो आपण." मी म्हटलं, "हो गं, सहज केला." पण सहज नव्हता केला. बोलल्याचं मला आठवतच नव्हतं.

आणि एकदा सकाळी चूल पेटवायची राहिली, म्हणून दिवेलागणीला भाकरी थापताना मी तिसरी भाकर तव्यावर टाकली आणि दाराकडे बघून म्हटलं, "आज लई उशीर केला रानातून." माझाच आवाज माझ्या कानावर आला. मालक जाऊन दोन पावसाळे झाले होते. मी ती भाकर तव्यावर तशीच जळू दिली, कारण हात पुढे होईना.

तेव्हा मला आई दिसली.

माझं माहेर धर्मापुरीचं. आईचं डोकं शेवटच्या वर्षांत गेलं होतं. आधी नावं गेली, मग माणसं गेली, मग घर गेलं. स्वतःच्या घरात बसून ती लुगड्याचं गाठोडं बांधायची आणि भावजयीला म्हणायची, "मला माझ्या घरी सोडून ये बाई, इथं लई दिस झाले." जेवून हात धुतले की ओरडायची, "या घरात मला कुणी भाकर देत न्हाई." भावजय रडायची. बाहेरचे आईचं खरं मानायचे. मी शेवटची भेटायला गेले तेव्हा आईनं मला वरून खालपर्यंत पाहिलं.

"तू कुणाची गं?"

"तुझीच, माय."

ती हसली. पाहुण्या बाईकडे पाहून हसतात तसं. "बस, बस. च्या घेतल्याबिगर जाऊ नको."

मी चहा घेतला आणि एसटीनं परत आले. वाटेत रडू आलं नाही. ते बऱ्याच दिवसांनी शेळ्यांमागे असताना आलं.

तर जळक्या भाकरीसमोर बसून मी हेच म्हटलं की आता माझी पाळी. कुणाला सांगितलं नाही. सांगणार कुणाला? फोनवर मुलगा विचारायचा, "माय, बरी हाय ना?" मी म्हणायचे, "बरी हाय." तो थकलेला असायचा, मागून ट्रॅक्टरचा आवाज यायचा, आणि आमचं बोलणं तिथंच संपायचं.

पाडव्याला ते दोघं आले. सुनेनं घरात पाय ठेवला आणि नाकाला पदर लावला. शेळ्या वाळल्या होत्या, पिठात जाळ्या झाल्या होत्या, आणि माझ्या अंगावर लुगडं टांगल्यासारखं दिसत होतं. तोवर माझी चप्पल गावात सगळीकडे सापडून झाली होती. देवळाजवळ, पाण्याच्या टाकीखाली, पिठाच्या गिरणीत. पोरं मला बघितलं की ओरडायची, "आजी, चप्पल!" मुलानं हे पारावर ऐकलं. घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "मायला आजीचंच झालंय. तसंच सुरू झालंय सगळं."

मी त्याच खोलीत होते. ज्वारी निवडत होते. तो मला ऐकू येऊ नये म्हणून हळू बोलला नाही. मी तिथं नसल्यासारखाच बोलला. त्या दिवसापासून घरात असंच चालू झालं. मला काही विचारायचं असलं तर मुलगा सुनेला विचारायचा. "माय जेवली का?" "तिला चहा द्यायचा का?" मी समोर बसलेली असायचे. कुणी मला विचारलं असतं तरी मी चटकन उत्तर दिलं नसतं, हेही खरं. मला आधीपासून बोलायला वेळ लागतो, आणि तेव्हा तर शब्द फार लांबून येत होता.

गावातल्या डॉक्टरनं बघितलं. "वय झालं. मेंदू सुकतो म्हाताऱ्या माणसाचा. ह्याला औषध नसतं," असं म्हणून त्यानं शांत झोपेची एक गोळी लिहून दिली. ती घेतली की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मला घर पाण्यातून बघितल्यासारखं दिसायचं. चालताना भिंत धरावी लागायची. सगळे म्हणाले, वाढलं हो म्हातारीचं.

ज्येष्ठात मुकादम आला. हा माणूस दरवर्षी तोडीच्या जोड्या ठरवायला फिरतो. तोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा गडी आला तर त्याला अर्धा कोयता म्हणतात आणि त्याला कुणी खुशीनं घेत नाही. मुकादम ओट्यावर बसला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि मुलाला म्हणाला, "म्हातारीचं ऐकलं मी. मंग तुमचं काय ठरलं? जोडी हाय का अर्धा कोयता?"

"सांगतो दसऱ्याच्या आधी."

"आधी मंजी कवा बे? मला बी गाडी भरायची असती."

तो गेल्यावर नवरा-बायकोचं बोलणं लांबलं. शेळ्या विकून मला बरोबर न्यायचं, उसाच्या फडाजवळच्या कोपीत ठेवायचं, असं मुलाचं म्हणणं. सून म्हणाली, "तिथं पाचटाच्या झोपडीत त्यांना कोण बघील? आपण पहाटेच फडात. सापकिरडं, ट्रॅक्टर, कुठं निघून गेल्या तर? मीच राहते घरी. तुमी एकट्यानं जावा."

"अर्ध्या कोयत्यात भागतं का?"

"न्हाई भागत. मंग सांगा ना दुसरं."

दुसरं काही नव्हतं. माझं दुखणं कोणतं, यावर आता तिघांचं पुढचं वर्ष अडलं होतं.

एक दिवस सून भाकरी भाजत होती आणि मी चुलीपाशी पाय पसरून शेंगा फोडत होते. जळतं लाकूड सारताना एक निखारा घरंगळून माझ्या पायावर आला. मला कळलंच नाही. सून किंचाळली तेव्हा मी आधी तिच्या तोंडाकडे बघितलं, मग पायाकडे. कातडी जळल्याचा वास येत होता. तिनं उलथन्यानं निखारा उडवला आणि माझा पाय मांडीवर घेतला.

"आत्याबाई, दुखलं न्हाई?"

"न्हाई."

"अजिबात?"

"न्हाई गं."

भाभी आवाज ऐकून धावत आली होती. ती म्हणाली, "माझ्या सासऱ्याला असंच झालतं. शुगर होती. पायाला खिळा घुसला तरी मालूम न्हाई. काकूची शुगर तपासा आधी."

म्हणून आम्ही बीडला गेलो, शुगर बघायला. डोकं बघायला कुणी नेत नव्हतं. डोक्याचं सगळ्यांचं ठरून गेलं होतं.

शुगर निघाली नाही. दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, माझ्या सुनेपेक्षा थोड्या मोठ्या असतील. त्यांनी कागद बघितला, पायाचा फोड बघितला आणि विचारलं, "मग आणखी काय त्रास होतो, मावशी?"

मी बोलायच्या आत मुलगा बोलला. "इसरते सगळं. आजीला होतं तसं. चप्पल तर रोज इसरते, गावभर हुडकावी लागती. चूल इसरते. मेल्या माणसाची वाट बघते. चालताना झोकांड्या खाती."

"मी मावशींना विचारतेय."

"तिला न्हाई सांगता येत, मॅडम."

डॉक्टरीणबाईंनी त्याला केसपेपरचा शिक्का मारून आणायला पाठवलं आणि सुनेला माझ्यासाठी पाणी आणायला. दार लोटलं. मग त्या खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. घाई केली नाही. मला तेच बरं वाटलं. बाहेर कुणाचं तरी लेकरू रडत होतं, ते थांबल्यावर त्यांनी विचारलं.

"मावशी, चप्पल तुम्ही विसरता की ती पायातून सुटलेली कळत नाही?"

असं मला कुणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. सगळे म्हणाले विसरली, म्हणून मीही विसरलेच म्हणत होते. मी आठवून बघितलं. घरातून निघताना दोन्ही पायांत चप्पल घातलेली मला दर वेळी आठवत होती.

"सुटलेली कळत न्हाई," मी म्हटलं. "पायात कापूस बांधल्यावाणी वाटतं. जमीन लागतच न्हाई."

"आणि अंधारात?"

"भिंत धरते. न्हाईतर पडते."

"जीभ दाखवा."

मी दाखवली. त्यांनी बॅटरी मारली आणि हुं म्हणाल्या. मग एक चिमट्यासारखं लोखंड टेबलावर ठोकून माझ्या मनगटाला लावलं. ते भुंग्यासारखं घुमत होतं. तेच परत ठोकून पायाच्या अंगठ्याला लावलं, तर नुसतं गार लोखंड. घुमणं नाही. डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. मिटले आणि लगेच एका बाजूला कलले. त्यांनी दंड पकडला. काय खाता विचारलं, कोणत्या गोळ्या घेता विचारलं. कंबरेच्या पिशवीतून मी दोन्ही पाकिटं काढून दिली, पित्ताची आणि झोपेची. मालकांचं विचारलं. आईचंही विचारलं.

"आई विसरायची तेव्हा तिला कळायचं का, आपण विसरतोय म्हणून?"

"न्हाई. तिला म्हटलं की राग यायचा. ती म्हणायची, तुमीच खोटं बोलता."

"आणि तुम्हाला?"

डोळ्यांत पाणी आलं म्हणून खाली बघितलं.

मुलगा आणि सून आत आल्यावर डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांना समजावलं. विसरणं म्हणजे प्रत्येक वेळी आजीचंच दुखणं नसतं, म्हणाल्या. रक्तात एक जीवनसत्त्व असतं, बी ट्वेल्व्ह. ते दूध, दही, अंडी, मटण यातून मिळतं. ते फार कमी झालं की जीभ झोंबते, पायाच्या नसा सुन्न होतात आणि डोक्यावरही परिणाम होतो. पित्ताची गोळी वर्षानुवर्षं घेतली तर खाल्लेल्यातलंही ते अंगाला नीट लागत नाही. थायरॉईड बिघडलं तरी माणूस विसरतं. झोपेच्या गोळीनं म्हातारं माणूस गोंधळतं. मनात दुःख साचलं, बोलायला कुणी नसलं, तरी असंच दिसतं. रक्त तपासू, डोक्याचा फोटो काढू, झोपेची गोळी आजपासून बंद.

मुलगा म्हणाला, "मंजी आजीवाणी न्हाई ना?"

"ते मी आज सांगणार नाही. दोन्ही एकत्रही असू शकतं. आधी जे भरून येण्यासारखं आहे ते भरून काढू. दसऱ्याच्या सुमाराला परत आणा. तेव्हा बोलू."

रक्तात ते खरंच फार कमी निघालं. बाकीचं ठीक होतं. इंजेक्शनं लिहून दिली, आधी रोज, मग आठवड्याला, मग महिन्याला. ती गावच्या उपकेंद्रातल्या सिस्टर द्यायच्या. सून मला हाताला धरून न्यायची, कारण मी पडेन अशी तिला भीती होती. वाटेत ती बोलायची. तिच्या माहेरचं, तोडीतलं, मुलींचं. इतकी वर्षं सून घरात असून तिला पाटाच्या पाण्याची भीती वाटते, तिचा धाकटा भाऊ लहानपणी पाण्यात गेला, हे मला माहीत नव्हतं. दर वर्षी ती सहा महिने बाहेर आणि आली की रानात. बोलायला वेळ कधी होता?

दुपारी ती माझी वेणी घालायची. मला रोज एक अंडं आणि वाटीभर दही खायला लावायची आणि समोर बसायची. "लेकरावाणी करू नका, आत्याबाई. सगळं संपवा."

"वास येतो गं अंड्याचा."

"नाक धरा. मला तोडीत उसाच्या फडात बसून भाकर खावी लागती, बाजूला बैल मुततो. तुमाला अंड्याचा वास येतो!"

मला हसू आलं. किती दिवसांनी, ते सांगता येणार नाही.

आधी जिभेची आग गेली. मग डोळ्यांपुढचं ते पाणी हळूहळू ओसरलं. सकाळी कुणाशी काय बोलले ते संध्याकाळी आठवायला लागलं. कोणत्या करडाची आई कोणती, हे परत न बघता सांगता यायला लागलं. पाय मात्र फार सावकाश आले. आधी मुंग्या आल्या, त्यानं मला रडकुंडीला आणलं. पोळ्याच्या सुमाराला मी शेणानं सारवलेल्या अंगणात उतरले आणि तळव्याला गार लागलं. मी तिथंच उभी राहिले. पाऊल उचलून परत ठेवलं. गार लागलं.

सून पाणी भरत होती. तिला हाक मारून सांगायला मी तोंड उघडलं आणि थांबले. मनात आलं, मी बरी झाले तर ही जाईल.

हा विचार मी मुद्दाम आणला नव्हता. तो आला. आईसारखं झालं असतं तर ही माझ्यापाशी राहिली असती, रोज वेणी घातली असती, आणि कधीतरी मी तिला विचारलं असतं, तू कुणाची गं. तेवढ्यात ती हंडा घेऊन आली आणि माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "काय झालं? पडलात का?"

"पायाला गार लागलं," मी म्हटलं.

तिनं हंडा खाली ठेवला आणि खाली बसून माझ्या दोन्ही पावलांना हात लावला. "हितं कळतं? आन् हितं?" सगळीकडे नाही कळलं. पण तिचा हात कळला.

दसऱ्याच्या आधी परत बीडला गेलो, मी आणि मुलगा. सून घरी सामान बांधायचं की नाही हे कळायची वाट बघत राहिली. डॉक्टरीणबाईंनी सगळं पुन्हा केलं. या वेळी मुलाला बाहेर काढलं नाही, पण बोटानं गप्प बसवलं. मघाशी कोणत्या वस्तू लक्षात ठेवायला सांगितल्या होत्या, घरून कसं आलात, काल काय खाल्लं, असं कितीतरी विचारलं. मला वेळ लागला, पण त्या थांबल्या आणि मी सांगितलं. ते लोखंड अंगठ्याला लावलं तर थोडं घुमलं.

"आईचं दुखणं हे नाही, मावशी," त्या म्हणाल्या. "आज तरी नाही. इंजेक्शन महिन्याला घ्यायचंच. मी सांगितल्याशिवाय पित्ताची गोळी घ्यायची नाही. नीट जेवायचं. आणि एकटं एकटं राहायचं नाही."

"हो मॅडम," मुलगा म्हणाला.

तो फार खूश झाला होता. मलाही बरं वाटत होतं, ते खोटं नाही. आईसारखं होणार या भीतीचं ओझं उतरलं होतं आणि मी मोकळा श्वास घेत होते. स्टँडवर त्यानं कागदात गरम भजी घेतली. लहानपणी यात्रेत मी त्याला घेऊन द्यायचे, तशी मला बाकावर बसवून दिली.

"माय, आता तुझं डोकं चांगलं झालं, पण माझ्या जुन्या चोऱ्या आठवू नको बरं का. तुझ्या डब्यातला गूळ मीच खायचो."

"ते मला तवाच ठाऊक होतं."

तो मोठ्यानं हसला. हसतच त्यानं खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि दोन पावलं बाजूला गेला. एसट्यांचा आवाज होता, पण मला ऐकू आलं. "हां मुकादम. जोडी हाय. हां, दोघं येतोय. न्हाई न्हाई, म्हातारी एकदम ठणठणीत."

भजी हाताला पोळत होती. मी ती धरून बसले.

निघायच्या दिवशी सकाळी सुनेनं घर झाडलं, पीठ भरून ठेवलं. भाभीला सांगून आली, सिस्टरना सांगून आली. वसतिगृहात फोन करून मुलींना बजावलं की आजीला फोन करायचा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर इंजेक्शनच्या तारखांना तिनं लाल गोल केले. बाहेर ट्रॅक्टर येऊन उभा राहिला होता. माणसं ट्रॉलीत चढत होती, भांडी, गोधड्या, कोंबड्या, लेकरं. मुकादम ओरडत होता. सून परत आत आली. मी चुलीपाशी होते.

"आत्याबाई, खरं सांगा. राहू का मी?"

तिनं हे मनापासून विचारलं. तिच्या तोंडावरून ते कळत होतं. मी हो म्हटलं असतं तर तिनं बाहेर जाऊन गाठोडं खाली उतरवलं असतं. नवऱ्याशी भांडली असती आणि राहिली असती. माझ्याकडे आता सांगायला दुखणं नव्हतं. एकटीला घर खायला उठतं, हे काही दुखणं नाही. आमच्या गावात तर ते सगळ्याच म्हाताऱ्यांना असतं.

"जा गं," मी म्हटलं. "मला काय झालंय आता?"

तिनं माझ्या पाया पडताना तळव्यांना हात लावून बघितलं. मग डोळे पुसत गेली. ट्रॅक्टर गेला तशी मागे राहिलेल्यांनीही दारं ओढून घेतली, आणि दुपारपर्यंत गल्लीत फक्त शेळ्यांचा आवाज राहिला.

आता मी दोनदा चूल पेटवते. अंडं उकडते. शेळीचं दूध घरासाठी आधी काढून ठेवते, मग उरलेलं फाट्यावर पाठवते. दुपारी हे असं काही लिहीत बसते. चौथीपर्यंतची शाळा, हात हळू चालतो, पण लिहिताना समोर कुणी उत्तरासाठी खोळंबलेलं नसतं, म्हणून बरं वाटतं. भाभीच्या दारात मी दोनदा आपणहून गेले. दुसऱ्यांदा तिच्या घरी पाहुणे होते, म्हणून बाहेरूनच परत आले.

सून रोज फोन करते. मागे बायकांचा गलका असतो.

"आज काय खाल्लं?"

"भाकर, दोडक्याची भाजी, अंडं."

"सगळं?"

"सगळं."

"आज वार कोणता?"

"बेस्तरवार. परीक्षा घेती का माझी?"

"घ्यायला लागती बाई, सासू हुशार झाल्यावर." ती हसते. मीही हसते. तिनं आणखी एखादा प्रश्न विचारावा, अवघड असला तरी चालेल, मी वेळ घेऊन सांगेन, असं मला वाटत असतं. पण तिला पहाटे फडात जायचं असतं.

"ठेवू का मग, आत्याबाई?"

"ठेव," मी म्हणते, आणि तिनं ठेवल्यावरही फोनचा उजेड विझेपर्यंत तो कानाला लावून बसते.